छत कुठून गळतंय ते शोधण्याचा क्रम: आधी घड्याळ, मग झाडू, शेवटी पाणी

छताची दुरुस्ती झाली, वरून लेप मारला, आतून रंगही दिला, आणि पुढच्या मोठ्या पावसात त्याच कोपऱ्यात पुन्हा ओल उमटली. अशी घरं मी वारंवार बघतो. बहुतेक ठिकाणी लेप चांगलाच असतो, कारागीरही कामचुकार नसतो. पाणी शिरतंय कुठून, हे मात्र कोणी शोधलेलं नसतं. डाग दिसला त्याच्या बरोबर वर जाऊन काम उरकलेलं असतं.

पाणी असं सरळ खाली उतरत नाही. काँक्रीटच्या छतात ते आधी वरच्या कोब्यात, म्हणजे स्लॅबवर घातलेल्या विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थरात मुरतं, मग कोबा आणि स्लॅब यांच्या मधल्या थरात पसरतं, उताराच्या बाजूला सरकत राहतं, आणि स्लॅबमध्ये जिथे बारीक तडा, वायरिंगचा पाइप किंवा पंख्याचा हूक सापडेल तिथून खाली येतं. शिरण्याची जागा आणि ठिबकण्याची जागा यांत काही फुटांचं अंतर अगदी नेहमीचं आहे. एका खोलीच्या वर शिरून शेजारच्या खोलीत ठिबकणारं पाणीही मी पाहिलं आहे.

म्हणून मी एक नियम पाळतो. मी ओतलेल्या पाण्याने, मी ठरवलेल्या वेळी गळती घडवून आणता आली, तरच जागा सापडली असं म्हणायचं. तोवर सिमेंटची गोणी उघडायची नाही.

लक्षणं

ओल कुठे आहे यापेक्षा ती केव्हा येते यावरून जास्त कळतं.

पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांतच थेंब पडायला लागले तर पाण्याला थेट वाट आहे: उघडी भेग, पाइपाभोवतीची फट, पत्र्याच्या स्क्रूचं गेलेलं वॉशर, सरकलेलं कौल. अशी गळती दिसायला भयंकर, पण शोधायला सर्वांत सोपी.

पाऊस पडून गेल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी ओल येते आणि ऊन पडलं तरी रेंगाळते, तेव्हा पाणी कोब्यात साठून हळूहळू झिरपतंय. इथे शिरण्याची जागा लांब असण्याची शक्यता जास्त.

एरवी काही नाही, पण एका ठरावीक बाजूने वारा आणि झोड आली की ओल येते. मग छताचा नाद तूर्त सोडा. कठड्याची भिंत, बाहेरच्या भिंतीचा गिलावा, जिन्याच्या खोलीचा सांधा, खिडकीवरचा छज्जा यांच्याकडे आधी बघा.

रिमझिम पावसात ठीक, धो धो कोसळला की गळती. याचा अर्थ बहुधा निचरा अपुरा पडतोय. पाणी गच्चीवर किंवा पन्हळीत चढत जातं आणि एका उंचीला पोहोचलं की तिथल्या सांध्यातून आत घुसतं.

आठवडाभर पाऊस नाही आणि तरी डाग ओला? मग पाण्याची टाकी, पाइप, वरच्या मजल्याचं न्हाणीघर किंवा एसीचं पाणी.

थंडीच्या दिवसांत सकाळी छत सगळीकडे सारखंच दमट, कोपऱ्यांत काळी बुरशी, आणि पावसाशी काही संबंध नाही, असं असेल तर ती गळती नसून घरातलीच वाफ गार छतावर साचत असण्याचा संभव आहे.

डागाचं रूपही नीट बघा. तपकिरी कडा असलेली वलयं एकात एक दिसत असतील तर जागा पुन्हा पुन्हा भिजून वाळली आहे. पांढरी भुकटी किंवा खडबडीत पांढरा थर म्हणजे सिमेंटमधला चुना विरघळवत पाणी काँक्रीटमधून आलंय, आणि तो थर जाड असेल तर बऱ्याच काळापासून येतंय. सरळ रेषेत तांबूस पट्टा दिसला तर आतली सळई गंजायला लागली आहे. पाऊस आला की घरातला मुख्य सुरक्षा स्विच आपोआप पडतो, हेही गळतीचंच लक्षण आहे, कारण पाणी वायरिंगच्या पाइपात पोहोचलेलं असतं.

काही करण्याआधी

ओल दिव्याजवळ, पंख्याच्या हुकाजवळ किंवा स्विचबोर्डावर असेल तर त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करा. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, वायर जिवंतच असते. खोटं छत (फॉल्स सीलिंग) पोटासारखं फुगलं असेल तर वर पाणी साचलेलं आहे. वीज बंद करून, खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून फुगवट्याला स्क्रूड्रायव्हरने एक बारीक छिद्र पाडा आणि पाणी काढून घ्या. तसंच राहिलं तर वजनाने अख्खा तुकडा खाली येतो.

पेन्सिल आणि वही

खर्च काहीच नाही, म्हणून ही तपासणी पहिली. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेष काढा आणि रेषेवर तारीख लिहा. फोटो घ्या. पुढच्या पावसात चारच गोष्टी टिपा: पाऊस कधी लागला, वारा कुठून होता, पहिला थेंब किंवा पहिली ओल कधी दिसली, आणि ओल कधी वाळायला लागली. दोन-तीन पाऊस असे नोंदले की वर सांगितलेल्या प्रकारांपैकी तुमचा कोणता हे समजतं आणि निम्म्या जागा आपोआप वगळल्या जातात. डाग वाढला की आहे तेवढाच राहिला हेही रेषेमुळे कळतं. नुसत्या आठवणीवर विसंबलं की दर वेळी तो वाढल्यासारखाच वाटतो.

पाऊस की टाकी?

कोरड्या दिवसांतही ओल टिकत असेल, किंवा शंका असेल, तर गच्ची खणण्याआधी नळाचं पाणी वगळा. गच्चीवरच्या टाकीचा आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह रात्री बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली तर टाकी, तिचे सांधे किंवा व्हॉल्व्हपर्यंतचा तुकडा गळतोय. पातळी तशीच राहिली तर बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडा, घरातले सगळे नळ बंद ठेवा आणि पुन्हा तेच करा. आता उतरली तर घरातला पाइप. मीटर असेल तर काम आणखी सोपं: सगळे नळ बंद असताना काटा हलतो का ते बघायचं. मात्र मीटर टाकीच्या आधी असेल तर तो टाकीपर्यंतचीच गोष्ट सांगतो, टाकीच्या पुढची नाही.

टाकीचं एक दुखणं हमखास नजरेतून सुटतं. बॉलकॉक नीट बसत नाही, टाकी भरून वाहते, आणि ओव्हरफ्लोचा पाइप निचऱ्याच्या तोंडापर्यंत न नेता तसाच गच्चीवर सोडलेला असतो. रात्री पंप चालला की त्या एका जागी रोज पाणी सांडतं आणि घरात दोष पावसाच्या माथी मारला जातो. पाइपाच्या तोंडाखाली शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला तर ओळखा.

वर न्हाणीघर असेल तर ते दोन दिवस वापरात आणू नका. डाग वाळायला लागला, तर पुढे न्हाणीची जाळी बंद करून लादीवर थोडं पाणी साठवा आणि खाली लक्ष ठेवा. एसीच्या पाण्याची नळी कुठे सोडली आहे तेही याच फेरीत बघून घ्या.

वाफ आहे की झिरप?

डागाच्या जागी छत वरवर पुसून कोरडं करा आणि हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी काढा. छताला चिकटलेल्या बाजूला थेंब असतील तर पाणी छतातून येतंय. खोलीकडच्या बाजूला थेंब आणि आतली बाजू कोरडी असेल तर घरातली वाफ गार पृष्ठभागावर साचतेय. वाफेवर इलाज हवा खेळती ठेवण्याचा आहे. अशा छतावर वरून कितीही लेप द्या, सकाळचा दमटपणा जाणार नाही.

गच्चीवर झाडू घेऊन जा

सुकलेली पानं, माती, कुंड्यांखालचा गाळ, जुन्या फरशांचे तुकडे, सगळं झाडून काढा. निचऱ्याच्या तोंडावरची जाळी उचला, आत हात घालून गाळ काढा आणि बादलीभर पाणी ओता. पाणी घुटमळत, गुडगुड करत गेलं तर खालचा पाइप अर्धा तुंबलेला आहे. केवळ निचरा मोकळा केल्याने गळती थांबलेली घरं मी इतक्यांदा पाहिली आहेत की याआधी कोणालाही खर्चाचं काम सुचवायला माझी जीभ रेटत नाही.

त्यानंतर पाऊस उघडण्याची वाट बघा. सपाट छताला साधारण १०० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर इतका तरी उतार निचऱ्याकडे लागतो. तो कुठे बिघडलाय हे साचलेलं पाणीच दाखवतं. पाऊस थांबून ४८ तास झाले आणि डबकं तसंच असेल, तर त्याच्या कडेने खडूने रेष मारून ठेवा. तिथे पाण्याला मुरायला भरपूर वेळ मिळतोय.

एक निरीक्षण मात्र प्रत्येकाने करावं, कारण ते फक्त एखादा तास उपलब्ध असतं. ओली गच्ची उन्हात सुकत येते तेव्हा वर जाऊन उभे राहा. सपाट भाग आधी फिकट पडतो, आणि भेगा मात्र पाणी धरून असल्यामुळे काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. कोरड्या गच्चीत गुडघ्यावर बसून शोधल्या तरी न सापडणाऱ्या केसाएवढ्या चिरा त्या वेळी उभ्या उभ्या दिसतात. एखादी रेष निघते कुठून आणि थांबते कुठे, ती कठड्याखाली शिरते का, टाकीच्या पायाशी जाते का, हे बघून लगेच खडूने गिरवून घ्या. सगळं सुकलं की ती पुन्हा दिसेनाशी होते.

खालचा डाग वर नेणं

खोलीत डागाच्या मध्यापासून दोन भिंतींपर्यंतचं अंतर टेपने मोजा. तेच अंतर गच्चीवर त्याच दोन भिंतींपासून मांडा, पण भिंतींची जाडी आणि कठडा आतल्या भिंतीच्या नेमका वर आहे की नाही हे हिशेबात धरा. शंका असेल तर खालून वरपर्यंत जाणारी एखादी वस्तू, म्हणजे सांडपाण्याचा पाइप किंवा जिन्याची भिंत, खूण म्हणून घ्या. मिळालेल्या बिंदूवर फुली मारा आणि तिथून उताराच्या वरच्या बाजूला शोध सुरू करा. फुलीच्या खालच्या बाजूचं पाणी सहसा चढून मागे येत नाही. साचलेलं डबकं मात्र याला अपवाद, त्यामुळे फुलीभोवतीचा परिसरही एकदा नजरेखालून घाला.

सांधे

सपाट, सलग स्लॅबमधून पाणी शिरण्यापेक्षा दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथून शिरण्याचं प्रमाण फार मोठं आहे. म्हणून मी सपाट भागाकडे शेवटी वळतो.

सुरुवात कठड्याच्या तळापासून. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, केलेला असतो. ऊन-पावसाने छत प्रसरण-आकुंचन पावतं, कठडा वेगळ्या मापाने हलतो, आणि वाटा मधोमध किंवा वरच्या कडेला सुटतो. बोटाच्या पेराने वरची कड चाचपत चला. नख आत जातंय तिथे पाणीही जातंय. वाटा अजिबातच नसेल, नुसता काटकोन असेल, तर तो कोपरा आधी संशयित धरा.

मग कठड्याचा माथा. खाली बघत फिरणाऱ्याला तो दिसतच नाही. माथ्यावरचा गिलावा आडवा असतो, त्यावर पाणी थांबतं, आणि लांबीभर एखादी बारीक चीर असते. त्यातून पाणी कठड्याच्या विटांत उतरतं आणि खाली छत आणि भिंत यांच्या सांध्यावर पट्ट्यासारखी ओल देतं. केबल, दोऱ्या किंवा जाळी लावायला माथ्यावर ठोकलेले खिळे हीदेखील तयार भोकंच आहेत.

स्लॅबमधून आरपार जाणारे पाइप, निचऱ्याच्या तोंडाभोवतीची कड, टाकीचे पाये, आणि नंतर बसवलेल्या वस्तूंचे बोल्ट. सोलर पाणीतापक किंवा सोलर पॅनेलचा सांगाडा, डिश अँटेना, पत्र्याच्या शेडचे खांब, यांतलं काही गच्चीवर आल्यानंतरच गळती सुरू झाली असेल तर आधी तिथे जा. एका घरी पंख्याच्या हुकातून थेंब पडत होते आणि सगळ्यांची नजर हुकाच्या वरच्या कोब्यावर होती. सोलरच्या सांगाड्याचा एक पाय जरा हलवला तेव्हा बोल्टाभोवतीचं सिमेंट टिकलीसारखं सुटून हातात आलं आणि खालच्या भोकात पाणी चमकत होतं. बोल्ट कोबा भेदून स्लॅबमध्ये गेला होता, आणि वारा आला की सांगाडा डुलून ते भोक थोडं थोडं मोठं करत होता.

जिन्याची खोली गच्चीला मिळते तो सांधा, दाराचा उंबरठा, आणि जुन्या बांधकामाला नवं जोडलं असेल ती रेष, हे तिन्ही बघा. जुनं-नवं बांधकाम आपापल्या गतीने बसतं, तिथली फट नुसत्या सिमेंटने बुजवली तर ती परत उघडतेच. भेगेत रोपटं उगवलं असेल तर ते उपटू नका. वरचं तुटतं, मूळ आत राहतं, आणि कुठवर गेलंय ते कळण्याची खूणही हातची जाते.

शेवटी सपाट भाग. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत चला. बद्द, पोकळ आवाज येतो तिथे कोबा किंवा लादी खालच्या थरापासून सुटली आहे. केवळ पोकळ आवाजावरून गळती सिद्ध होत नाही. पण ती पाण्याची साठवण आहे, आणि पाऊस थांबल्यावरही दिवसभर ठिबकणाऱ्या छताचं कारण बऱ्याचदा अशा साठवणीत असतं.

पाणी ओतून खात्री

एव्हाना तीन-चार संशयित जागा खडूने खुणावल्या असतील. आता नियमाची परीक्षा. त्यासाठी आधी छत पुरेसं वाळलेलं हवं. खालचा डाग ओला असताना चाचणी घेतली तर नवं पाणी कोणतं आणि जुनं कोणतं हे कळणार नाही. सलग कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबा.

खाली एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा, वर एक जण पाइप घेऊन. पाण्याचा जोर कमी ठेवा, पावसासारखं पडू द्या. फवारा मारून भेगेत पाणी घुसवलं तर जिथे पावसात कधी गळत नाही तिथेही गळेल आणि तुम्ही भलत्याच जागेच्या मागे लागाल. सर्वांत खालच्या जागेपासून सुरुवात करा आणि एकेक करत वर सरका. वरून सुरुवात केली तर वाहून आलेलं पाणी खालचे सगळे सांधे भिजवतं आणि नेमका कोणता दोषी हे सांगता येत नाही. एका जागेला किमान २० ते ३० मिनिटं द्या. शेजारच्या संशयित जागेवर प्लॅस्टिक अंथरून ती कोरडी ठेवा. एका वेळी एकच जागा; घाईने दोन भिजवल्या तर चाचणी वाया गेली असं समजा आणि वाळू द्या.

कठड्यालाही तीन वेगळ्या चाचण्या लागतात: आधी आतला तळ, मग बाहेरची बाजू, मग मगाने अलगद ओतून फक्त माथा. गच्चीवर पाणी साठवूनही खाली टिपूस नाही आणि माथा भिजवल्यावर तासाभरात भिंतीच्या वरच्या कडेला ओल, असा निकाल आला की गच्चीच्या लेपाचा सगळा खर्च वाचतो.

कोब्याच्या छतावर झिरप मंद असते, तिथे पाइपाची चाचणी पुरत नाही. तिथे पाणी साठवावं लागतं. संशयित भागाभोवती मातीचा किंवा कच्च्या सिमेंटचा छोटा बांध घाला, आत २.५ ते ५ सेंटीमीटर पाणी भरा आणि २४ ते ४८ तास ठेवा. पातळीवर खूण करा. शेजारी तेवढ्याच खोलीचं पाणी भरलेलं पसरट भांडं ठेवा. उन्हाने दोन्हीकडचं पाणी उडणारच, पण बांधातली पातळी भांड्यापेक्षा स्पष्टपणे जास्त उतरली तर तेवढं पाणी छतात गेलं आहे, खाली अजून काही दिसत नसलं तरी. कठड्याचा वाटा आणि निचऱ्याचं तोंड पहिल्या वेळी बांधाबाहेर ठेवा. सपाट भाग निर्दोष ठरला की मग बांध त्यांच्यापर्यंत वाढवा.

वजनाचा विचार केल्याशिवाय पाणी साठवू नका. ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. ३ बाय ४ मीटरच्या खोलीवर ते ६०० किलो होतं. छत जुनं असेल, खालून सळया दिसत असतील, मधोमध झोल वाटत असेल, तर ही चाचणी करायचीच नाही. धडधाकट छतावरसुद्धा अख्खी गच्ची एकदम भरण्यापेक्षा छोटे बांध बरे, कारण जागाही नेमकी कळते.

दोन शेजारच्या बांधांत वेगवेगळा खाद्यरंग मिसळला तर खाली कोणता उतरतो ते बघता येतं. रंग दिसला तर पुरावा पक्का. दिसला नाही तर मात्र त्यावरून काही ठरवू नका, जाड कोबा रंग गाळून घेऊ शकतो.

उतरतं छप्पर: कौलं आणि पत्रे

इथे निम्मं काम आतून होतं आणि वर चढावंच लागत नाही. भर दुपारी माळ्यावर जा, दिवे बंद करा, डोळे अंधाराला सरावू द्या. जिथून उजेडाचा ठिपका येतो तिथे खूण करा. त्यानंतर पावसात बॅटरी घेऊन परत तिथेच. प्रकाश तिरपा पाडला की वाशाच्या खालच्या अंगाने सरकणारी पाण्याची रेघ चकाकते. ती रेघ वर वर बघत न्या. थेंब पडतो तो वाटेत खिळा, गाठ किंवा आडवी रीप आडवी आल्यामुळे. पाणी शिरलेलं असतं त्याच्या बरंच वर, आढ्याच्या बाजूला. रेघ जिथे संपते आणि वरचं लाकूड कोरडं लागतं, तिथलं कौल बघा.

फुटलेलं किंवा सरकलेलं कौल सहज सापडतं. अवघड जागा म्हणजे दोन पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, मिळतात ती पन्हळ. तिथे पालापाचोळा अडकला की पाणी बाजूच्या कौलांखाली उलटं शिरतं. आढ्यावरच्या कौलांचा सिमेंटचा जोड आणि छप्पर भिंतीला टेकतं ती कडही बघा. कौलांच्या खालच्या कडा सिमेंटने लिंपून टाकण्याचा मोह आवरा. आत शिरलेलं थोडं पाणी बाहेर पडायची ती वाट असते.

पत्र्याला बहुतेक वेळा स्क्रू गळतो, पत्रा नाही. उन्हाने वॉशरचं रबर कडक होऊन तडकतं. स्क्रू फार आवळला असेल तर त्याच्याभोवती पत्र्याला खड्डा पडतो आणि नेमकं तिथेच पाणी थांबतं. खालून बघताना स्क्रूच्या टोकाशी गंजाचा ओघळ असेल तर तो गळतोय. सगळे स्क्रू ठीक असून वाऱ्याच्या पावसात गळत असेल तर पत्र्यांचा चढाव, म्हणजे एक पत्रा दुसऱ्यावर जेवढा चढलेला असतो तो भाग, अपुरा आहे का ते मोजा. उतार कमी असला की वारा पाणी चढावातून वर ढकलतो.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना हात लावू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कापताना, भोक पाडताना किंवा घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे, आणि पत्रा ठिसूळ असल्याने त्यावर पाय दिला तर माणूस आरपार खाली जातो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

छताचं प्लॅस्टर तुकड्या-तुकड्यांनी पडतंय, सळई उघडी आहे, स्लॅबला झोल आहे, तुळईला किंवा खांबाला भेग आहे, यांपैकी काहीही असेल तर गळतीचा शोध बाजूला ठेवा. त्या खोलीत झोपणं बंद करा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सळई गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. वरून लेप देऊन गळती थांबली तरी गेलेली ताकद परत येत नाही. छताच्या वरची आणि खालची भेग एकाच जागी, एकाच दिशेने असेल तर ती आरपार असण्याची शक्यता धरून हाच निर्णय घ्या. भेग वाढतेय का हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना रेघ मारून तारीख लिहा, म्हणजे इंजिनिअरला हातात काहीतरी मिळेल.

वायरिंगमध्ये पाणी गेलं असेल तर इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत तो भाग बंदच ठेवा. ओल्या, शेवाळलेल्या किंवा उताराच्या छपरावर, आधाराच्या दोराशिवाय आणि खाली कोणी नसताना चढू नका. वरचं घर दुसऱ्याचं असेल तर त्यांच्या उपस्थितीतच चाचणी घ्या, नाहीतर खरा निकालही कोणी मानत नाही. आणि सगळ्या पायऱ्या नीट करूनही गळती तुमच्या पाण्याने घडवता आली नाही, तर अंदाजाने काम काढण्याऐवजी ओलावामापक आणि थर्मल कॅमेरा वापरणाऱ्या माणसाला बोलवा. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो, म्हणून त्याने दाखवलेली जागा ओलावामापकाने पडताळून घ्यायला सांगा.

वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवाल तेव्हा पहिला प्रश्न विचारा: पाणी कुठून शिरतंय हे तुम्ही कसं शोधणार? चाचणी न घेता सगळ्या गच्चीवर जाड थर घालण्याचा सल्ला मिळाला तर दुसरा माणूस बघा. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवला की छतावरचं वजन वाढतं आणि खालचं अडकलेलं पाणी तसंच राहतं. तुमची वही, खडूच्या खुणांचे फोटो आणि चाचण्यांचे निकाल त्याच्यापुढे ठेवा. चांगला कारागीर ते आनंदाने बघतो.

काम झाल्यावर, पैसे पूर्ण चुकते करण्याआधी, ज्या चाचणीने गळती घडली होती तीच चाचणी त्याच जागी, तेवढाच वेळ पुन्हा घ्या. थर किती दिवस सुकू द्यायचा ते कारागिराला विचारून तेवढे दिवस आधी जाऊ द्या. आतला रंग सर्वांत शेवटी. प्लॅस्टरमधली जुनी ओल जायला काही आठवडेही लागू शकतात; सुटे पोपडे आणि पांढरा क्षार कोरड्या ब्रशने काढून टाका, फॉइलचा तुकडा पुन्हा लावून बघा, आणि तो छताच्या बाजूने कोरडा निघाला की रंगाऱ्याला बोलवा.